बिनकठड्याची माळवदं

राजाने यरुशलेमेत गडाच्या तटाची खिंडारं बुजवायला काढली, त्या वर्षीची ही गोष्ट. त्या वर्षी अंजिरं इतकी आली होती की बेथ-अलोनच्या बायकांना वाळवणाला माळवदं पुरेनात. म्हातारी माणसं ते वर्ष अजूनही अंजिरांवरूनच ओळखतात. वेठीवरून ओळखायचं तर तेव्हाची सगळीच वर्षं सारखी.

तेव्हाच्या बेथ-अलोनमध्ये घराला घर लागून होतं आणि माळवदाला माळवद. मधे ना भिंत, ना कठडा. शेखेमच्या वाटेकडच्या टोकाला राहणारी बाई वेशीजवळच्या बहिणीकडे मीठ मागायला निघाली, तर खाली उतरायचीच नाही. वरच्या वर, या घरावरून त्या घरावर, कुणाच्या मसुरीला वळसा घालत, कुणाच्या पहुडलेल्या सासऱ्याला ओलांडत पोचायची. जाताना सगळ्यांच्या बातम्या घ्यायची आणि येताना त्यात भर घालून वाटायची. उन्हं उतरली की चुली खाली आणि माणसं वर. माळवद पावसाने भिजलं की ते दाबायला प्रत्येक घरावर एक दगडी रूळ असे. रांगती पोरं कमरेला दोरी बांधून त्या रुळाला अडकवून ठेवलेली असत. एक पोर रडलं की शेजारची कुणीतरी हात लांब करून त्याच्या तोंडात मनुका घालायची. पोर कुणाचं हे बघायचीसुद्धा नाही.

होग्लाला म्हातारपणी सगळ्यांत जास्त आठवायचं ते हेच. तो एवढा मोठा, गावाएवढा ओटा, आणि त्यावरून वाहत येणारी बोलणी.

पण त्या बिनकठड्याच्या माळवदांमागे एक युक्ती होती, आणि ती निघाली होती होग्लाच्या सासूच्या, अझूबाच्या, डोक्यातून. जुना रिवाज असा, की ज्याने नवं घर बांधलं आणि अजून ते देवाला अर्पण करून त्यात मानाची पहिली भाकर मोडली नाही, त्याला लढाईवर न्यायचं नाही. बेथ-अलोनच्या वडीलधाऱ्यांनी त्यात वेठही धरली होती. घर पुरं झाल्याशिवाय अर्पण नाही. आणि माळवदाला कठडा घातल्याशिवाय घर पुरं नाही. तोही रिवाजच, कारण वरून माणूस पडून मेला तर त्याचं रक्त त्या घराच्या माथी. अझूबाने या दोन रिवाजांची गाठ मारून दिली. मुलाचं, हेलेसचं, घर उभं राहिलं आणि कठड्याची वेळ आली, तेव्हा ती गवंड्याला म्हणाली, "राहू दे आता. माती ओली आहे."

ती माती पुढे कितीतरी वर्षं ओलीच राहिली. तिचं बघून शेजारणीने तसंच केलं, शेजारणीचं बघून तिच्या भावजयीने. गावातल्या सगळ्या नव्या घरांची माती वाळेना. वेशीत बसणाऱ्या वडीलधाऱ्यांना हे कळत नव्हतं असं नाही, पण त्यांनाही मुलगे होते.

होग्लाला सासूची ही युक्ती मनापासून पटलेली होती. तिचे वडील लबानोनात देवदाराचे ओंडके ओढायला गेले आणि परत आलेच नाहीत. आलं ते त्यांचं पांघरूण. हेलेस तिच्याच भाऊबंदांतला. लहानपणी दोघांनी एकत्र शेळ्या राखलेल्या. त्याच्याशी लग्न झालं तेव्हा तिने देवाकडे एवढंच मागितलं, की याला घरी राहू दे. आणि हेलेस राहत होता. द्राक्षवेली छाटत होता, संध्याकाळी माळवदावर पाय पसरून बसत होता, लहानग्या लेकीला, सेराला, रुळापासून सोडून खांद्यावर घेत होता.

वेठीची माणसं न्यायला यायचा तो गद्दीएल मुकादम. शेजारच्याच गावचा, अंगाने बैलासारखा, आवाज डोंगरापलीकडे जाईल असा. सगळं गाव त्याला मामा म्हणायचं आणि त्याच्या पाठीमागे त्याला शिव्याही द्यायचं. त्याच्या डोक्यावर प्रांताचा सुभेदार. सुभेदाराला दोन घोर. वर्षातला एक महिना राजाच्या पंगतीला पीठ, बोकड, तेल पुरवायचं आणि प्रत्येक गावातून ठरलेली माणसं राजाच्या कामावर धाडायची. कुठलं गाव कुठून माणसं आणतं याच्याशी त्याला देणंघेणं नव्हतं. गद्दीएलला मात्र होतं, कारण तो त्या माणसांबरोबर जायचा आणि त्यांच्याबरोबरच परत यायचा.

दर खेपेला तो वेशीतून आत शिरला की आधी हेलेसच्या दारात थांबायचा.

"काय रे, वाळली का माती?"

"अजून दमट आहे, मामा."

"जलप्रलय ओसरला तेव्हासुद्धा जमीन याच्याआधी वाळली असेल रे!"

आतून अझूबा ओरडायची, "नोहाच्या बायकोला विचारून ये जा. तोवर आमची वाळेल."

गद्दीएल हसायचा आणि पुढच्या दारात उभा राहायचा. "मग शेमेर, तूच चल बाबा."

आणि शेमेर उठायचा. शेमेर म्हणजे होग्लाचा शेजारी. बायको मागेच गेलेली, मूलबाळ नाही, गुडघे दुखरे. गावात कठडा असलेलं एकच माळवद होतं, ते त्याचं. त्याच्या बायकोची आई आंधळी होती, तिच्यासाठी बायकोने हट्टाने घालून घेतलेला. बायका त्या कठड्यावरून पाय टाकताना कुरकुरायच्या. शेमेर खालून म्हणायचा, "सावकाश गं. त्या कठड्यापायी मी यरुशलेमेचे डोंगर चढतो, तुम्हाला एक पाय उचलवत नाही?" सगळ्या हसायच्या. होग्लाही हसायची. तो गेला की त्याच्या कोंबड्यांना दाणे टाकायची, आणि परत आला की त्याला मसुरीची आमटी नेऊन द्यायची. त्यात आपलं काही बाकी राहतं असं तिला वाटत नसे.

त्या अंजिरांच्या वर्षी गद्दीएल आला तो मळणी आटोपल्यावर. नव्या चंद्रकोरीला माणसं निघायची होती, त्याला अजून पंधरवडा होता. त्या दिवशी तो होग्लाच्या घरी जेवायला होता. जवाची भाकरी, ताक, हिरवे ऑलिव्ह, वर वाळत आलेली अंजिरं. माळवदावर आजूबाजूच्या घरांतले जवान जमले. सगळे ओल्या मातीवाले. ऊन अजून डोंगरावर होतं. पोटभर जेवून गद्दीएल रंगात आला.

"तुम्हाला काय सांगू, यरुशलेमेत आता कसले दगड येतात!" तो म्हणाला. "एकेक दगड म्हणजे तुझं हे घर, हेलेस. तुझं घर तरी पुरं नाही, तो दगड पुरा असतो."

पोरं हसली.

"असा दगड ओढायचा कसा, मामा?" कुणीतरी विचारलं.

"तोंडाने सांगून होत नाही. उठा." त्याने सेराला रुळापासून सोडवून होग्लाच्या मांडीवर दिलं, दोरी उचलली आणि पोरांच्या हातात दिली. "हेलेस, तू पुढे. तू पहिला माणूस. बाकीचे मागे. हा रूळ म्हणजे राजाचा दगड. मी मुकादम. मुकादम दगडाकडे तोंड करून, माणसांकडे बघत, उलटा चालतो. का? पाठमोऱ्या माणसाची हाक कुणी ऐकत नाही. माणसाचे डोळे बघितले की कळतं, कोण थकलाय, कोण अंगचोरपणा करतोय." त्याने दोन्ही हात वर केले. "दगड कुणाचा?"

पोरांना हे माहीत होतं, साऱ्या गावाला माहीत होतं. "राजाचा!"

"घाम कुणाचा?"

"आमचा!"

रूळ गडगडत हलला. गद्दीएल एकेक पाऊल मागे टाकत हाका देत होता. हाका देताना त्याचा चेहरा असा व्हायचा, की तो बेथ-अलोनमध्ये नाहीच. आजूबाजूच्या माळवदांवरच्या बायका बघायला उभ्या राहिल्या. अझूबासुद्धा टाळ्या पिटत होती. होग्लाने बघितलं, मामाची टाच थेट वाळवणाकडे येते आहे.

"मामा, अंजिरं!" ती ओरडली.

गद्दीएलने मान न वळवता पाऊल बाजूला घेतलं. अंगणाकडच्या बाजूला. "दगड कुणाचा?"

"राजाचा!"

हेलेस खाली मान घालून, हसत, जिवाच्या आकांताने ओढत होता. खाली अंगणात शेमेर गाढवाला पाणी दाखवत होता. त्याने वर बघितलं आणि त्याच्या तोंडून एकच शब्द निघाला.

"पाठ!"

तो शब्द ऐकताच गद्दीएल जागच्या जागी थांबला, वर्षानुवर्षांच्या सवयीने. पण तोवर त्याचं एक पाऊल हवेत होतं. होग्लाला पुढे आयुष्यभर आठवत राहिलं ते हे, की मामा पडताना घाबरलेला दिसला नाही. तो हेलेसच्या तोंडाकडे बघत होता. नुसता आश्चर्याने.

तो गोठ्याच्या छपरावर आपटला आणि छपरासकट खाली आला. छप्पर होतं म्हणून जीव राहिला. मांडीचं हाड मात्र मोडलं होतं.

अझूबा हाडं बसवण्यात हुशार होती. तिने लाकडाच्या पट्ट्या कापल्या, तेलात आणि द्राक्षारसात लोकर भिजवली, हेलेसला मामाच्या छातीवर दाबून बसवलं आणि पाय ओढला. गद्दीएलच्या ओरडण्याने वेशीतली कबुतरं उडाली.

"ओरड, ओरड," ती म्हणाली. "एवढा मोठा आवाज देवाने दिलाय, वापर."

पण पट्ट्या तिने दोनदा सोडून पुन्हा बांधल्या. सगळ्यांनाच कळत होतं. हा माणूस मेला तर त्याचं रक्त या घराच्या माथी, आणि त्याचे भाऊ काही लांब राहत नाहीत.

त्या संध्याकाळी होग्ला शेमेरकडे आमटीचं वाडगं घेऊन गेली. तो उंबऱ्यावर बसला होता.

"काका, तुम्ही 'पाठ' म्हणून का ओरडलात?"

"ते पहिल्या माणसाचं काम असतं, पोरी. मुकादम उलटा चालतो, त्याला मागचं दिसत नाही. खड्डा, पायरी, कडा, काय असेल ते दोरीवरच्या पहिल्या माणसाने बघायचं. तोच मुकादमाच्या पाठीचे डोळे. इतकी वर्षं मी त्याच्यासमोर पहिला होतो, त्याला कधी साधी ठेच लागू दिली नाही."

"मग हेलेसने…"

"त्याला कुठून माहीत असणार?" शेमेर वाडगं हातात घेत म्हणाला. "तो कधी दोरीला लागलाच नाही." त्याच्या आवाजात टोमणा नव्हता. टोमणा असता तर होग्लाला बरं वाटलं असतं.

गद्दीएलला ताप भरला. तीनचार दिवस कधी शुद्धीत, कधी नाही. होग्ला कपाळावर ओलं फडकं ठेवून बसायची. एका दुपारी त्याने डोळे उघडले आणि तिच्याकडे बराच वेळ बघितलं.

"तू अमीनादाबची पोर ना? लबानोनात गेला त्याची?"

"हो, मामा."

"मी होतो तिथे. तेव्हा मी दोरीवर होतो. तुझा बाप मुकादम होता, ठाऊक आहे तुला? एका महिन्यापुरता."

होग्लाला ठाऊक नव्हतं.

"उतारावर ओंडका होता. तुझ्या बापासमोर पहिला माणूस परगावचा, नफतालीकडचा. आपल्याकडची माणसं कमी पडली होती त्या खेपेला. त्याने हाक दिली, दिली नाही असं नाही. पण त्यांची हाक वेगळी. तुझा बाप थांबलाच नाही." त्याने डोळे मिटले. "आपला माणूस पाहिजे समोर. आवाज ओळखीचा पाहिजे."

होग्ला फडकं पिळत राहिली. पाणी संपलं तरी पिळत राहिली.

दुसऱ्या दिवशी ताप उतरला. गद्दीएलने वेशीत निरोप धाडला, की या खेपेला शेमेरने मुकादम व्हावं. होग्ला विहिरीवरून येत होती. वेशीच्या सावलीत वडीलधारी बसली होती, मधे शेमेर उभा होता. ती घागर उतरवून, पदर सावरण्याचं निमित्त करून थांबली.

"मी चालेन उलटा," शेमेर म्हणत होता. "पण माझ्यासमोर पहिला कोण?"

हेलेसही तिथेच भिंतीला टेकून बसला होता. त्याच्याकडे कुणी बघितलं नाही. रिवाज तो रिवाज. ज्याचं घर अर्पण झालेलं नाही त्याला विचारायचंसुद्धा नाही. एक पांढरी दाढी म्हणाली, "बघू. परगावचा एखादा मिळेल."

"मिळेल," शेमेर म्हणाला, आणि आपले गुडघे चोळत खाली बसला.

होग्लाने घागर उचलली आणि घरी आली. सेराला सासूच्या मांडीवर दिलं. गोठ्यामागे, कठड्यासाठी आणलेले दगड होते, इतक्या वर्षांत त्यांच्यावर गवत वाढलं होतं. तिने एक दगड उचलला, जिन्याने वर नेला आणि माळवदाच्या कडेला, मामा जिथून पडला होता तिथे, ठेवला. मग दुसरा आणायला खाली गेली.

अझूबाला कळायला वेळ लागला नाही.

"काय चाललंय हे?"

"कठडा, आत्याबाई."

"डोकं फिरलंय तुझं? मामा वाचलाय, संपलं ते! सेराला बांधून ठेवू. पाहुण्यांना वर चढू देणार नाही. कठडा कशाला?"

"घर पुरं करायला."

अझूबा जिन्याच्या पायरीवर आडवी बसली. "नवऱ्याला वेठीला धाडतेस? तू? तुझा बाप गेला तिकडे. अगं, माझ्या एकुलत्या एक पोराला मी कसं जपलंय ते तुला…" तिचा आवाज फुटला. होग्लाने तिला तसं कधी बघितलं नव्हतं. ती खाली दगड घेऊन उभी राहिली, आणि दगड जड होता तरी खाली ठेवला नाही.

"आत्याबाई, शेमेरकाका आपल्यासाठी जातात. दर खेपेला. आता ते उलटे चालणार आहेत आणि त्यांच्यासमोर नफतालीकडचा कुणीतरी उभा असणार आहे. मला मामाने सांगितलंय माझ्या बापाचं."

अझूबा पायरीवरून उठली, आणि होग्ला वर गेली.

हेलेस आला, बघितलं, आणि तसाच द्राक्षमळ्याकडे निघून गेला. रात्री तो मळ्यातल्या मचाणावरच राहिला. दुसऱ्या दिवशीही होग्ला एकटीच चढउतार करत होती. आजूबाजूच्या माळवदांवर बायका होत्या, पण कुणी हाक मारत नव्हतं. एका कठड्याचा अर्थ सगळ्यांना कळत होता. आज हिच्या घरी, उद्या आपल्या. जी बाई रोज तिच्या पोरीला मनुका द्यायची, तिने त्या दिवशी तोंड फिरवलं.

दुपारी जिन्यावर पावलं वाजली. हेलेस होता. त्याने कठड्याभोवती एक फेरी मारली.

"हा दगड उलटा बसवलायस."

"मग नीट बसव."

"पहिल्या पावसाला सगळं अंगणात येईल हे. चिखलात भुसा घातलायस का?"

"घातलाय."

"कमी आहे." तो खाली वाकला आणि दगड काढला. दगडाला चिकटलेला चिखल त्याने अंगठ्याने खरवडला. मग म्हणाला, "होग्ला, तो माझ्याकडे बघत होता गं पडताना. मी ओरडेन असं त्याला वाटलं होतं."

"माहीत आहे."

"मी हसत होतो."

"मीच म्हणाले ना, अंजिरांवर पाय पडेल म्हणून."

मग तिने भुसा आणायला टोपली उचलली.

कठडा पुरा झाला तेव्हा होग्लाने शेमेरच्या घराच्या बाजूला एक खाच ठेवायला लावली. त्याच्या कठड्यालाही तिथे तशीच खाच पाडायला लावली. एक वाडगं पलीकडे जाईल एवढीच.

"बायका खाचेतून बोलणार वाटतं?" हेलेस म्हणाला.

"बोलणं थांबायला नको."

घर अर्पण केलं. पहिली भाकर शेमेरने मोडली. मग तो हेलेसला घेऊन खळ्यावर गेला आणि त्याला पहिला माणूस बनवायला लागला. गाढवाला मळणीची फळी जुंपली, दोरीचं टोक हेलेसच्या हातात दिलं आणि स्वतः खळ्यात उलटा चालायला लागला. हेलेस इतका घाबरलेला की दिसेल त्याला ओरडायचा. "पाठ!" — कोंबडी. "पाठ!" — गवताची काडी. "पाठ!" — सेरा.

"अरे बाबा," शेमेर थांबून म्हणाला, "तू असा ओरडत राहिलास तर तो तट तुझ्या नातवाच्या काळात पुरा होईल. कड्याला ओरड. काडीला नको."

खळ्याच्या बांधावर सगळं गाव हसत होतं. ज्या बाईने तोंड फिरवलं होतं तीही.

चंद्रकोर दिसली. सकाळी आसपासच्या गावांची माणसं वेशीत जमली. गद्दीएलला हेलेसच्या भाऊबंदांनी खाटेसकट माळवदावर चढवलं होतं. तो नव्या कठड्याला टेकून बसला. अझूबा त्याच्या पायाच्या पट्ट्या आवळत होती आणि खाली बघत नव्हती. माणसं शेखेमच्या वाटेला लागली तशी गद्दीएलने छाती भरून हाक दिली, "दगड कुणाचा?"

वळणावरून उत्तर आलं. त्या सगळ्या आवाजांत होग्लाला एकच वेगळा ओळखू आला. ती कठड्यावर दोन्ही हात ठेवून, वाकून उभी राहिली. तिच्या लक्षात आलं, की या काठाशी ती कधीच एवढी पुढे येऊन उभी राहिली नव्हती.

त्या वर्षी पावसाळ्याच्या आत गावातल्या सगळ्या घरांची ओली माती वाळली.

गद्दीएलचा पाय ऑलिव्ह झोडपेपर्यंत जुळला, पण वाकडा. तो पुन्हा वेठीला गेला नाही. आपल्या गावात म्हातारा होऊन बिछान्यात मेला. शेवटपर्यंत अझूबाच्या हातांची तक्रार करायचा आणि पाय दुखला की तिलाच बोलवायचा. अझूबा त्याच्यानंतर पहिल्याच हिवाळ्यात गेली. तिने पुन्हा कधी कठड्याचं नाव काढलं नाही, पण म्हातारपणी त्यालाच धरून चालायची.

शेमेर आणखी दोन खेपा मुकादम म्हणून गेला. त्याच्यासमोर दोन्ही वेळा हेलेस होता, आणि शेमेरला कधी साधी ठेच लागली नाही. मग तो घरीच राहिला. टोळ आले त्या वर्षी तो आपल्या उंबऱ्यावर बसल्या बसल्या गेला. घर पुतण्याला मिळालं. सेरा मोठी झाल्यावर त्याच पुतण्याची बायको झाली, आणि खाचेतून वाडगं इकडून तिकडे जात राहिलं.

हेलेस पुढे मुकादम झाला. म्हातारा राजा वारला आणि नव्या राजाने वेठीच्या मुख्य अंमलदाराला आमच्या उत्तरेच्या लोकांपुढे धाडलं, तेव्हा हेलेस शेखेमला होता. वेठीला कंटाळलेल्या लोकांनी त्या माणसाला दगडांनी ठेचून मारलं. हेलेस घरी आला आणि आठवडाभर मळ्यात राबत राहिला. मग एकदा माळवदावर बसला असताना होग्लाला म्हणाला, "त्याच्यासमोर एवढी माणसं होती. 'पाठ' म्हणून ओरडावंसं एकालाही वाटलं नाही." आपल्याला वाटलं होतं का, ते त्याने सांगितलं नाही आणि तिने विचारलं नाही. तो सुगीत, मळ्यात काम करताना गेला.

होग्ला सगळ्यांच्या मागे राहिली. संध्याकाळी तिला वर नेऊन बसवायचे. प्रत्येक घराला आता कठडा होता, आणि शेजारच्या माळवदावरचं बोलणं भिंतीपलीकडून यावं तसं यायचं, अर्धं ऐकू येणारं. ती उठून खाचेपाशी कान नेऊन बसायची.

"काय ऐकतेस, आजी?" सेराची पोरं विचारायची.

"काही नाही रे. कोणाकडे काय शिजलंय ते."